सात किलोचं पांघरूण आणि मिठीचं यंत्र

रात्री झोप झाली का नीट? उगाच विचारत नाहीये, आजचा विषयच तो आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहूनही देतेय.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेले. झोप येत नव्हती म्हणून मी फोन बघत होते, आणि फोन बघत होते म्हणून झोप येत नव्हती. तेवढ्यात एक जाहिरात आली. वेटेड ब्लँकेट. आत काचेचे बारीक मणी शिवलेलं, सात किलोचं पांघरूण. अंगावर घ्या आणि शांत झोपा म्हणे. किंमत बघून माझी उरलीसुरली झोपही उडाली. सकाळी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, "सात किलो? अगं, पांघरूण आहे की दळण?"

मी हसले खरी, पण प्रश्न डोक्यात राहिला. अंगावर वजन घेतलं की माणूस शांत होतो, ही कल्पना आली कुठून? तिचा माग काढत गेले आणि पोहोचले अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या एका गुरांच्या फार्मवर.

काळ १९६० च्या दशकाचा. टेंपल ग्रँडिन नावाची एक मुलगी सुट्टीत सावत्र वडिलांच्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या फार्मवर राहायला आलेली. तिचा जन्म १९४७ चा, बॉस्टनचा. ती ऑटिस्टिक होती. लहानपणापासून तिला मिठी हवीशी वाटायची, पण कुणी मिठी मारली की तो स्पर्श तिला सहनच व्हायचा नाही, ती अंग सोडवून घ्यायची. वयात आल्यापासून तर सतत भीती. छातीत धडधड, घाम, काहीतरी वाईट होणार ही भावना. आज आपण ज्याला पॅनिक अटॅक म्हणतो, ते.

फार्मवर गुरांना लस टोचायचं काम चाललं होतं. गुरू हलू नये म्हणून त्याला एका पिंजऱ्यात घालायचे आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडी फळ्या त्याच्या अंगाला घट्ट दाबायच्या. ग्रँडिनने बघितलं, की आत जाताना बिथरलेली काही जनावरं दाब बसला की एकदम शांत होतात. तुम्ही-आम्ही बघितलं असतं आणि पुढे गेलो असतो. ती आत्याला म्हणाली, मला आत जायचंय.

आत्याने फळ्या दाबल्या. आधी ती घाबरून ताठ झाली, पण मग हळूहळू अंग सैल पडलं. बाहेर आल्यावरही ती बराच वेळ शांत होती. परत गेल्यावर तिने लाकडाच्या फळ्यांचं स्वतःचं यंत्र बनवलं, पुढे त्यात सुधारणा करत गेली, आतून मऊ गादी लावली. आज जग त्याला 'हग मशीन' म्हणतं. मिठीचं यंत्र.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. दाब किती हवा, कधी थांबवायचा, हे ठरवणारा खटका आत बसणाऱ्याच्याच हातात होता.

पुढे काय झालं? शाळा-कॉलेजातल्या मानसशास्त्रज्ञांना हे सगळं विचित्र वाटलं. मुलगी गुरांच्या पिंजऱ्यात बसते म्हणजे काय! यंत्र काढून घ्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. पण तिचे विज्ञानाचे शिक्षक, विल्यम कार्लॉक, यांनी तिला वेगळा रस्ता दाखवला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की यंत्राने तुला बरं वाटतं ना, मग का वाटतं ते विज्ञानाने शोधून काढ.

मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी 'तुझे भास आहेत' म्हटलं नाही, आणि 'तू म्हणतेस म्हणजे खरंच' असंही म्हटलं नाही. तपासून बघ म्हणाले. तिने तपासलं. इतर विद्यार्थ्यांना यंत्रात बसवून बघितलं, आणि १९९२ साली खोल दाबाच्या शांत करणाऱ्या परिणामावर तिचा शोधनिबंध आला. तोवर ती पशुविज्ञानाची तज्ज्ञ झाली होती. पुढे ती कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतली नामवंत प्राध्यापक म्हणून ओळखली गेली, आणि २०१० मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला.

तिचं म्हणणं सोपं करून सांगते. मानेवर माशी बसली की आपण दचकतो. हलका स्पर्श शरीराला सावध करतो. याउलट घट्ट आणि सगळीकडून सारखा दाब बऱ्याच जणांना सैल करतो. ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांनाही ही कल्पना जवळची होती. जीन आयर्स या अमेरिकी थेरपिस्टने स्पर्श, तोल, हालचाल यांची मेंदूत जुळणी कशी होते यावर १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. त्याच परंपरेतून वजनदार जॅकेट आणि पांघरुणं मुलांच्या थेरपीत वापरात आली. सगळं शांतपणे, मोठ्या बाजाराच्या बाहेर.

मग आलं २०१७. किकस्टार्टरवर 'ग्रॅव्हिटी ब्लँकेट' नावाचं पांघरूण आलं आणि लोकांनी त्यासाठी ४७ लाख डॉलर्सपेक्षा जास्त पैसे दिले. २०१८ च्या उत्तम शोधांच्या यादीत टाइम मासिकाने त्याला जागा दिली. गंमत बघा, जी वस्तू ऑटिस्टिक मुलं आणि त्यांचे थेरपिस्ट वर्षानुवर्षं वापरत होते, ती 'नवा शोध' झाली. त्यावर टीकाही झाली.

बरं, पण झोप येते का? दोन अभ्यास सांगते. पहिला ब्रिटनमधला, २०१४ चा. ६७ ऑटिस्टिक मुलं. काही दिवस वजनदार पांघरूण, काही दिवस साधं. मनगटावरच्या यंत्राने झोप मोजली, तर मिनिटांत काही खास फरक नाही! पण मुलांना आणि आईवडिलांना वजनदारच जास्त आवडलं.

दुसरा स्वीडनमधला, २०२० चा. १२० मोठी माणसं, सगळ्यांना निद्रानाश आणि सोबत नैराश्य, चिंता किंवा एडीएचडीसारखा आजार. चार आठवडे काहींना धातूच्या साखळ्यांचं सहा ते आठ किलोचं पांघरूण, काहींना प्लॅस्टिकच्या साखळ्यांचं दीड किलोचं. जड पांघरुणवाल्यांपैकी जवळपास ६० टक्के लोकांनी निद्रानाशाचा त्रास निम्म्याहून कमी झाल्याचं सांगितलं. हलक्यावाल्यांमध्ये फक्त ५ टक्के. आकडा मोठा आहे, पण हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, आणि आपल्या अंगावर जड पांघरूण आहे की हलकं, याचा अंदाज कुणालाही येऊ शकतो. म्हणजे काहींना खरंच बरं वाटतं, पण जाहिरातीतली जादू काही सिद्ध झालेली नाही.

आता तो खटका आठवा. २००८ साली कॅनडाच्या क्युबेक प्रांतात नऊ वर्षांच्या एका ऑटिस्टिक मुलाला शाळेत शांत करण्यासाठी वजनदार पांघरुणात गुंडाळलं गेलं. वजन त्याच्या मानाने फारच जास्त होतं, आणि त्याला स्वतःहून बाहेर येता आलं नाही. तो गेला.

हे वाचल्यावर मी दोन दिवस स्क्रिप्टला हात लावला नाही. तोच दाब, तीच कल्पना. फरक एवढाच, की ग्रँडिनच्या यंत्रात खटका तिच्या हातात होता आणि त्या मुलाच्या हातात काहीच नव्हतं. म्हणून तान्ह्या बाळांना असली पांघरुणं अजिबात नकोत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ज्याला पांघरूण स्वतःहून बाजूला करता येत नाही, त्याच्या अंगावर ते घालूच नका. श्वासाचा त्रास असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मी काय केलं? विकत काही घेतलं नाही. आजीच्या जुन्या नऊवारींची गोधडी माळ्यावरून काढली आणि बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवली. साडेतीन किलो! दुहेरी करून पायांवर घेतली. पंधरा रात्री वहीत लिहून ठेवलं, एक दिवस गोधडी, एक दिवस चादर. माझी झोप मिनिटांत वाढलेली दिसली नाही. पण गोधडीच्या रात्री मी कमी तळमळले, आणि पायांवर ओझं असल्यामुळे फोन आणायला उठायचा कंटाळा आला. कदाचित खरा फायदा तोच असेल. उकाड्यात मात्र दोनदा वैतागून गोधडी लाथेने उडवली. खटका माझ्याच पायात होता ना!

आजीला निकाल सांगितला. ती म्हणाली, "मग दे इकडे, उन्हात टाकते. वर्षभर कुणी हात लावला नव्हता तिला."

तुमच्या घरात गोधडी, वाकळ, घोंगडी, काहीही असेल तर वजन करून मला कळवा. आणि हे रात्री दोन वाजता वाचत असाल, तर पुरे, फोन ठेवा. भेटू पुढच्या भागात!