घन संत्रा लागवडीतील पाणी व्यवस्थापन

घन संत्रा लागवडीतील पाणी व्यवस्थापन म्हणजे कमी अंतरावर लावलेल्या नागपुरी संत्र्याच्या बागेस मोजून व अवस्थेनुसार पाणी देण्याची पद्धत होय. विदर्भात वरुड, मोर्शी, काटोल व नरखेड हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी वरुड-मोर्शी पट्ट्यात भूजलाचा अतिउपसा झाल्याने हा विषय बागांच्या अस्तित्वाशी निगडित आहे.

लागवडीचे अंतर

पारंपरिक बागेत ६ × ६ मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २७७ झाडे असतात. इंडो-इस्रायल तंत्रज्ञानात ६ × ३ मीटरवर, गादीवाफ्यावर, सुमारे ५५५ झाडे लावतात व ओळीच्या दोन्ही बाजूंना ठिबकच्या नळ्या अंथरतात. झाडे दुप्पट झाली म्हणून पाणीही कायम दुप्पट लागते, हा समज बरोबर नाही. बाग लहान असताना हेक्टरी गरज झाडांच्या संख्येनुसार वाढते. पुढे मात्र ती पानोऱ्याने झाकलेल्या क्षेत्रावर ठरते. त्यामुळे घन बागेत छाटणी हेही पाणी वाचविण्याचे साधन ठरते.

पाण्याचा हिशेब

एका चौरस मीटरवरील १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. मे महिन्यात दैनिक बाष्पीभवन ८ मिलिमीटर, पात्र गुणांक ०.७, पीक गुणांक ०.७, प्रति झाड क्षेत्र १८ चौरस मीटर आणि त्यातील निम्मे पानोऱ्याखाली धरल्यास एका झाडास रोज सुमारे ३५ लिटर पाणी लागते. मोकाट पाण्यात असा हिशेब शक्य नसतो. शिवाय बुंध्याशी पाणी साचून डिंक्या रोग बळावतो.

ताण व बहार

फुले येण्यासाठी पाणी तोडून झाडास ताण देण्याची प्रथा जुनी आहे. हलक्या जमिनीत सुमारे एक महिना, तर भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत ताण द्यावा लागतो. स्पेनमधील अतिघन ऑलिव्ह बागांत कोय कठीण होण्याच्या काळात पाणी कमी करतात. तेथे उद्देश बचतीचा असतो, येथे प्रामुख्याने बहाराचा.

आंबिया बहाराचा ताण हिवाळ्यात असतो, परंतु त्याची कोवळी फळे एप्रिल-मेमध्ये झाडावर असतात. तेव्हा पाण्यात कपात केल्यास फळगळ होते, म्हणजे टंचाईच्या ऐन काळात बचतीला वाव उरत नाही. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यातच येतो, म्हणून अपुऱ्या पाण्याच्या बागेस तो अधिक सोयीचा. मात्र मृगाचा पाऊस लांबल्यास किंवा ताणात अवकाळी पाऊस झाल्यास बहार हुकतो. ठिबकवरील झाडांची मुळे ओल्या पट्ट्यातच दाटलेली असल्याने त्यांना ताण लवकर बसतो. त्यामुळे जुन्या बागेचे दिवस मोजून नव्या बागेचे पाणी तोडणे धोक्याचे असते. ताण तोडताना पहिले पाणी हलके देऊन मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवितात.

मर्यादा

ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र लागवडीखाली आणल्यास विहिरीचा एकूण उपसा कमी होत नाही. क्षारयुक्त पाण्याने तोट्या बुजतात. त्यासाठी गाळणी व आम्लप्रक्रिया आवश्यक असते. वाफ्यावर गवत किंवा काडीकचऱ्याचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन घटते.