रेपॉझिटरीतली रोजची कामं आपोआप कशी होतात? पंचगंगेच्या पातळीचं उदाहरण

जुलै उजाडला की कोल्हापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच आकडा फिरत असतो, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. उचगावहून महामार्गाने पुण्याकडे जायचं तर वाट तिथूनच आहे.

अडचण अशी, की फॉरवर्ड होत आलेला आकडा आजचा की कालचा हे कळत नाही. समजा, उचगावातल्या एखाद्या विद्यार्थ्याने ठरवलं की प्रशासन जाहीर करतं तो आकडा रोज सकाळी सातला तारखेसह नोंदवून ठेवायचा. हाताने हे आठवडाभर जमेल. आठव्या दिवशी परीक्षा असते, किंवा नेमके पुरातच दिवे जातात.

हे काम रेपॉझिटरीवर सोपवता येतं. रेपॉझिटरी म्हणजे कोड आणि माहितीच्या फायलींचं असं दप्तर, ज्यात कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. गिटहबसारख्या सेवेवर ते ठेवलं की काम दूरच्या सर्व्हरवर चालतं. आपल्या घरची वीज असो वा नसो.

वेळ सांगायची पद्धत

ठरल्या वेळी काम चालवणारी 'क्रॉन' ही सोय १९७०च्या दशकात युनिक्समध्ये आली. तिची लिपी आजही तीच आहे. ओळीने पाच जागा असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जिथे 'कोणताही चालेल' तिथे तारांकन करायचं. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये ही ओळ वर्कफ्लोच्या फाइलमध्ये जाते, आणि ती फाइल मुख्य शाखेत असेल तरच वेळापत्रक लागू होतं.

पहिली ठेच इथेच लागते. मूळ रचनेत वेळ यूटीसीत धरली जाते आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळी सात हवे असतील तर '३० १ * * *' असं लिहावं लागतं (कोडमध्ये अंक अर्थातच इंग्रजी). शिवाय तासाच्या ठोक्याला जगभरची कामं एकदम सुटतात, तेव्हा आपलं काम उशिरा चालू शकतं, कधी गळूनही जातं. म्हणून '३७ १ * * *', म्हणजे सात वाजून सात मिनिटं, असा आडवा वेळ धरलेला बरा.

नोंदीतही एक गंमत आहे. ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९.६ नव्हे, ३९.५ फूट. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत ठेवले की हा घोळच होत नाही.

गुपचूप बंद पडणारं काम

हुशार माणूस विचार करतो की पूर पावसाळ्यातच येतो, मग महिन्याच्या जागी '६-१०' लिहून जून ते ऑक्टोबर एवढंच काम का चालवू नये? इथेच खरा घात होतो. सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर गिटहब तिथली वेळापत्रकी कामं स्वतःहून बंद करतं. ऑक्टोबरअखेर शेवटची नोंद झाली, तर डिसेंबर सरता सरता काम बंद. पुढच्या जूनमध्ये ओळ फाइलमध्ये जशीच्या तशी दिसते, पण चालत काहीच नाही. हे लक्षात येतं तेव्हा पाणी चाळीस फुटांवर असतं.

उपाय साधा आहे. काम बारा महिने चालू द्यायचं आणि आकडा बदलला नाही तरी त्या दिवसाची ओळ लिहायचीच. आकडा मिळालाच नाही, तर रकाना मोकळा ठेवून तशी ओळ जतन करायची आणि मग काम 'फसलं' असं दाखवायचं. जुनाच आकडा पुन्हा छापणारा प्रोग्रॅम बंद पडलेल्या प्रोग्रॅमपेक्षा वाईट.

फसल्याची सूचना कोणाला जाते, हेही पाहून ठेवा. वेळापत्रकाची ओळ ज्याने शेवटची बदलली, त्याच्याकडे ती जाते. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जुना ई-मेल पाहत नसेल, तर गावात कोणालाच पत्ता लागत नाही.

याच यंत्रणेवर लोक रात्री कोडच्या चाचण्या चालवतात, तुटलेल्या लिंका शोधतात, वेबसाइट नव्याने प्रकाशित करतात. तिथे तासाभराचा उशीर चालून जातो. पुराच्या वेळी तसं नाही. घर सोडायचं की नाही हे प्रशासनाच्या सूचनेवरच ठरवायचं. अशी नोंदवही नंतर मागे वळून पाहण्यासाठी असते.

वर्कफ्लोत हाताने चालवायचं बटणही जोडता येतं. मेअखेरीस ते एकदा दाबावं आणि आजच्या तारखेची ओळ उमटते का ते पाहावं. काम बंद केलेलं आढळलं, तर अ‍ॅक्शन्सच्या पानावरून ते पुन्हा सुरू करता येतं.