ब्रह्मपुरीच्या टेकाडातील थर

कोल्हापूरच्या वायव्येस, पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात एकाच जागी पुन्हापुन्हा वसलेल्या आणि उठलेल्या वस्त्यांची पांढर, म्हणजे जुन्या वसाहतीची राखट माती, साचलेली आहे. १९४४-४५ च्या सुमारास येथे ब्राँझच्या वस्तूंचा जो साठा हाती लागला, त्यात देशी घडणीच्या वस्तूंबरोबर रोमन बनावटीचे मद्यपात्र आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची वीतभरही उंची नसलेली दाढीधारी मूर्ती होती. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडे असा देव सापडावा याचे नवल साहजिक होते. परंतु अशी वस्तू कितीही देखणी असली, तरी ती कोणत्या वस्तीची, हे ती स्वतः सांगू शकत नाही.

ते सांगण्याचे काम १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाने केले. चाचणी-उत्खननात संपूर्ण जागा उघडली जात नाही. निवडक ठिकाणी खड्डे घेऊन मानवी वावराची खूण नसलेल्या कोऱ्या मातीपर्यंत उतरायचे आणि खड्ड्याच्या उभ्या कडेवर थरांचा क्रम वाचायचा, अशी ही पद्धत आहे. खालचा थर जुना व वरचा नवा हा नियम सोपा वाटतो, पण नंतरच्या लोकांनी खणलेला कचऱ्याचा खड्डा जुन्या थरात खोल शिरलेला असतो, आणि त्याची कडा वेळीच ओळखली नाही, तर मध्ययुगीन बहमनी काळातील बांगडीचा तुकडा प्राचीन सातवाहनांच्या पदरी पडतो. म्हणूनच मातीच्या रंगातला, पोतातला आणि घट्टपणातला बारीकसा फरकही येथे पुराव्याइतका मोलाचा ठरतो.

ब्रह्मपुरीत सातवाहनकालीन विटांची घरे आणि त्या काळातील नाणी मिळाली, तर वरच्या थरांत बहमनी काळातील वस्ती व बहुरंगी काचेच्या बांगड्या मिळाल्या. १९४५ मध्येच पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी पूर्व किनाऱ्यावरील अरिकमेडू येथे रोमन खापरांच्या आधारे भारतीय थरांचा काळ ठरवला होता; त्या पार्श्वभूमीवर ब्रह्मपुरीचा पुरावा दख्खनच्या अंतर्भागातील नगरेही रोमशी चालणाऱ्या समुद्रव्यापाराशी जोडलेली होती, हे दाखवतो. ब्रह्मपुरीच्या उत्खननाच्या, १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचे खरे मोल, पोसायडनच्या कीर्तीपुढे झाकले गेले असले, तरी या थरक्रमातच आहे. कारण त्यामुळे कोल्हापूरचा इतिहास मध्ययुगीन शिलाहार राजांच्या शिलालेखांमागे हजार वर्षे नेता आला, आणि तोही राजांच्या नावांनी नव्हे, तर भिंती, खापरे व चलनी नाण्यांच्या आधारे.