सोपाऱ्याचे शिलाखंड आणि सम्यक् वाणी

पालघर जिल्ह्यात, वसईच्या पश्चिम पट्ट्यात गिरीज हे गाव आहे. त्याच्या शेजारच्या भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक खंड सापडला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे तत्कालीन ग्रंथपाल एन. ए. गोरे यांनी तो उजेडात आणला. त्यापूर्वी १८८२ साली थोर पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे आठव्या शिलालेखाचा खंड मिळाला होता. त्याच वर्षी त्यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन करून तेथील स्तूप उघडा केला. स्तूपाच्या गाभ्यातील दगडी पेटीत आठ कांस्यमूर्ती, एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे निघाले. ज्या वर्षी नागपुरास धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी भुईगावचा शिलाखंड वर यावा हा योगायोगच. त्यात अधिक अर्थ शोधण्याचे कारण नाही. तथापि त्या खंडावर काय लिहिले होते आणि ते कोणाला उद्देशून होते, हे मात्र आपण जाणून घेतले पाहिजे.

आज ‘प्रभावी संभाषणकला’ या नावाने एक विषय महाविद्यालयांत व प्रशिक्षणवर्गांत शिकविला जातो. श्रोता ओळखा, त्याच्या भाषेत बोला, नीट ऐका, प्रश्न विचारू द्या, वेळ पाहून बोला, अशी त्याची मूलतत्त्वे सांगतात. आमचे तरुण हा विषय पाश्चात्त्यांकडून आलेले नवे शास्त्र समजून शिकतात. शिकावे, त्यास आमची हरकत नाही. परंतु गिरीज-सोपाऱ्याच्या या किनाऱ्यावर याच तत्त्वांची कसोटी दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी लागली होती, आणि ती लावणारे लोक आपल्या परंपरेचे होते, हे प्रस्तुत लेखात आम्हांस दाखवावयाचे आहे.

पालि वाङ्मयातील सुप्पारक म्हणजे आजचे सोपारा. या बंदराशी ज्यांची नावे निगडित आहेत त्यांत स्थविर पुण्ण अग्रगण्य होत. अट्ठकथा त्यांना सुप्पारकचे रहिवासी म्हणतात. संस्कृत ‘दिव्यावदाना’तील पूर्णावदानानुसार ते एका धनिक व्यापाऱ्याला दासीपासून झालेले पुत्र होते व सावत्र भावांकडून त्यांना वाटा नाकारला गेला. याच अवदानात सांगितले आहे की, समुद्रप्रवासात श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काही म्हणत असलेले पूर्णाने ऐकले. हे गीत छान आहे, असे तो म्हणाला. तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यास सांगितले की हे गीत नव्हे, बुद्धवचन आहे. अवदानांत अद्भुताचा भरणा असतो. भगवंतांचे आकाशमार्गाने सोपाऱ्यास येणे वगैरे भाग आम्ही इतिहास म्हणून स्वीकारीत नाही. पण जहाजावरचा हा प्रसंग सहज घडण्याजोगा आहे. धम्म अपरान्तात कसा आला असेल याचे ते विश्वसनीय चित्र आहे. कोणी व्यासपीठावरून उपदेश केला नाही. व्यापारी आपापसांत पाठ करीत होते आणि दासीपुत्राने ते ऐकून प्रश्न विचारला.

मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्त याहून अधिक मोलाचे आहे. पुण्ण सुनापरान्तात जाण्यास निघाले तेव्हा तथागतांनी त्यांना विचारले की, तेथील लोक उग्र व कठोर आहेत. त्यांनी तुला शिव्या दिल्या तर तुला काय वाटेल? त्यांनी हाताने मारले नाही एवढे तरी बरे, असे वाटेल, असे पुण्णांचे उत्तर होते. मग हाताने मारले तर? ढेकळांनी, काठीने, शस्त्राने मारले तर? जीवच घेतला तर? प्रत्येक पायरीवर पुण्ण त्याच शांतपणे उत्तर देतात, आणि मग तथागत त्यांना अनुमती देतात. त्याच वर्षावासात पुण्णांनी पाचशे उपासक व पाचशे उपासिका घडविल्या असे सुत्त सांगते. संख्या परंपरेच्या ठराविक साच्यातली आहे, हे कोणीही पालि वाचणारा ओळखील. आमचे लक्ष वेधून घेते ती गोष्ट वेगळीच आहे. पुण्णांनी सुनापरान्तात काय भाषण केले, याचा एकही शब्द सुत्तात नाही. सुत्तकाराने जपून ठेवली ती बोलणाऱ्याची पूर्वतयारी, आणि ती तयारी सगळी ऐकून घेण्याची आहे.

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. शतकानुशतके ज्यांना शिव्या व मार निमूटपणे सोसावा लागला, त्यांना पुन्हा सोसण्याचाच धडा द्यावयाचा काय? या आक्षेपास बगल देऊन पुण्णाची गोडवे गाणारी प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत आणि ती आम्हांस पटलेली नाहीत. उत्तर असे की, पुण्णाचे सोसणे हे दास्यातले सोसणे नव्हे. त्यांना तेथे कोणी जुंपले नव्हते. स्वेच्छेने, कार्य ठरवून, ते गेले. ज्याला निघून जाण्याची मोकळीक आहे आणि तरीही जो थांबतो, त्याची क्षांती आणि ज्याला हलता येत नाही त्याची लाचारी, या दोन वस्तू भिन्न आहेत. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सम्यक् वाणीचे विवरण करताना नेमका हाच काटा काढला आहे. सत्य, सौजन्य आणि अर्थपूर्णता सांगून ते पुढे म्हणतात की, ही वाणी भयापोटी वा मर्जी राखण्यापोटी असू नये. वरिष्ठास काय वाटेल, आपले काय नुकसान होईल, याचा तिच्याशी संबंध नसावा. सौम्य वाणी म्हणजे हांजी हांजी नव्हे.

स्वतः तथागत अप्रिय बोलत नसत असेही नाही. अभयराजकुमार सुत्तात निगण्ठ नातपुत्ताने अभयास दुधारी प्रश्न शिकवून पाठविले होते: तथागत इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय? होय म्हटले तर सामान्य माणसाशी भेद काय, नाही म्हटले तर देवदत्तास कठोर शब्द का बोलले? तथागतांनी या प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येत नाही असे सांगून अभयाच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाकडे लक्ष वेधले. या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया आहे, असे अभय म्हणाला. मग तथागतांनी आपला नियम सांगितला. जे असत्य वा निरर्थक आहे ते प्रिय असले तरी ते बोलत नाहीत. जे सत्य व हितकर आहे ते अप्रिय असले तरी बोलतात, मात्र त्याची वेळ जाणून. अंगुत्तरनिकायात सुभाषित वाणीची जी पाच अंगे सांगितली आहेत, म्हणजे योग्य काळ, सत्य, मृदुता, हितकारकता व मैत्रीचित्त, त्यांत पहिले अंग काळाचे आहे, हे लक्षणीय होय.

काळाचे महत्त्व सुप्पारकाच्याच दुसऱ्या एका माणसाने अनुभवले. बाहिय दारुचीरिय हा या किनाऱ्यावर लोकमान्यता पावलेला तपस्वी. आपण खरोखर अर्हत आहोत काय, ही शंका येताच तो तडक श्रावस्तीस गेला. तथागत भिक्षाटन करीत होते. त्याने रस्त्यातच धम्म विचारला. ही वेळ नव्हे, असे म्हणून तथागतांनी दोनदा नकार दिला. आयुष्याचा भरवसा नाही, असे म्हणत त्याने तिसऱ्यांदा विनविले, तेव्हा अगदी थोडक्या शब्दांत उपदेश केला: इंद्रियांना जे जाणवते त्यात स्वतःची भर घालू नकोस. बाहियास तेवढे पुरले. त्यानंतर लवकरच वासराच्या गायीने मारल्याने त्याचा अंत झाला आणि तथागतांनी त्याचा स्तूप बांधावयास लावला. शीघ्र समजणाऱ्यांत त्यास अग्रस्थान मिळाले. उपदेशाची लांबी विषयावरून नव्हे, ऐकणाऱ्यावरून ठरते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता भाषेचा प्रश्न. चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्षूंनी बुद्धवचन छांदस भाषेत घालण्याची परवानगी मागितली, ती तथागतांनी नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली. आचार्य बुद्धघोष या शब्दांचा अर्थ बुद्धाची मागधी असा करतात; आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेक ज्याची त्याची बोली असा करतात. आमचा कौल दुसऱ्या अर्थाकडे आहे. त्यास बळकटी देणारे अरणविभंग सुत्त आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव, पोण अशी निरनिराळी नावे आहेत. ज्या गावी जे नाव चालते ते वापरावे, आपलेच खरे म्हणून अडून बसू नये, असे तेथे सांगितले आहे. वादाचे मूळ पुष्कळदा वस्तूत नसून नावात असते! ज्या सोपाऱ्यात भिक्षापात्राचे तुकडे सापडले त्याच्या आसपास आजही सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी, कोळी अशा बोली एका तालुक्यात नांदतात. गिरीजच्या परिसरात घरातली बोली एक आणि शाळेतली मराठी दुसरी असणे नवे नाही. तेथील कॅथलिक बांधवांची उपासना कित्येक शतके लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ नंतर, ती लोकभाषेत येऊ लागली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तर ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. शेजाऱ्याने आपल्या अडचणीवर काय उपाय केला हे पाहण्यात कमीपणा नाही.

महावंसानुसार तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात पाठविलेले स्थविर धम्मरक्खित हे योनक, म्हणजे यवन होते. ज्याची मातृभाषाच वेगळी अशा माणसाची येथे योजना व्हावी, हे विचार करण्याजोगे आहे. सम्राट अशोकाचे धोरणही तसेच दिसते. त्याच्या लेखांत गिरनारला ‘राजा’ आहे तर धौलीला ‘लाजा’. वायव्येस खरोष्ठी लिपी आहे, आणि कंदाहारला १९५८ साली सापडलेला लेख ग्रीक व अरमाईक भाषांत आहे. चौदाव्या लेखात तो स्वतःच सांगतो की काही लेख संक्षिप्त, काही मध्यम, काही विस्तृत आहेत, कारण सर्व काही सर्वत्र योग्य नसते. आणि काही गोष्टी त्यांच्या माधुर्यामुळे पुन्हा पुन्हा सांगितल्या, जेणेकरून लोक तसे वागतील. कलिंगातील स्वतंत्र लेखांत तिष्य नक्षत्राच्या दिवशी ते ऐकविले जावेत, एकट्या माणसालाही ऐकविले जावेत, अशी आज्ञा आहे. म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर हा वस्तुतः मोठ्याने वाचून दाखविण्यासाठी होता.

भुईगावच्या नवव्या लेखाचा विषय पाहा. लोक आजारपणात, विवाहात, अपत्यजन्मी, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. पण तो तेथे थांबत नाही, आणि विधी बंद करा अशी आज्ञाही काढीत नाही. त्याच ‘मंगल’ शब्दाला धरून तो धम्ममंगल सांगतो: दास व सेवकांशी नीट वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांस दान. श्रोत्याच्या परिचयाचा शब्द घ्यावा आणि त्यात नवा अर्थ भरावा, ही पद्धत स्वतः तथागतांची होती. त्यांनी ‘ब्राह्मण’ शब्दाचे हेच केले. या यादीत दास प्रथम येतात, हेही नजरेआड होऊ नये. बाराव्या लेखात वाचासंयमाचा उल्लेख आहे: प्रसंगाशिवाय स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा करू नये, एकमेकांचा धम्म ऐकावा.

या शेवटच्या मुद्द्यावर आम्हांस स्पष्ट बोलणे भाग आहे. आमच्या अनेक सभांत धम्मावरील भाषणाचा बराचसा वेळ दुसऱ्याच्या निंदेत जातो. विषमतेची चिकित्सा हवीच. बाबासाहेबांनी ती आयुष्यभर केली, पण पुरावे मांडून केली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढताना त्यांनी मराठी निवडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्रिशरण-पंचशील पालित घेतल्यावर लाखोंच्या समुदायास बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. समोर बसलेल्या माणसाला आपण काय स्वीकारतो आहोत हे कळले पाहिजे, हा त्यामागचा विचार उघड आहे. उलट आज विहारांत वंदनेचे पालि शब्द मुखोद्गत असलेल्या मुलास अर्थ विचारला तर तो गप्प राहतो. पालि सोडावी असे पालिचे अध्यापक म्हणून आम्ही अर्थातच म्हणणार नाही. पालि राहावी आणि तिच्या शेजारी मराठी यावी, एवढेच.

सोपाऱ्याच्या आठव्या लेखात त्याची रीत दिलेली आहे. पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रा करीत. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत काय होई? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व दान, वृद्धांची भेट, जनपदातील लोकांचे दर्शन, धम्माचे अनुशासन, आणि ‘धम्मपरिपुच्छा’, म्हणजे धम्माविषयी प्रश्नोत्तरे. राजा जनपदात जातो, सांगतो आणि विचारणेही होते. आमच्या कार्यक्रमपत्रिकांत अनुशासन असते, परिपुच्छा बहुधा नसते. अध्यक्षीय समारोप लांबतो आणि प्रश्नांची वेळ संपते.

तथागतांनी प्रश्नांचेही चार प्रकार केले होते: थेट उत्तर देण्याचे, विभागून उत्तर देण्याचे, प्रतिप्रश्न करून सोडविण्याचे आणि बाजूस ठेवण्याचे. अभयाच्या प्रश्नास थेट उत्तर नाकारून बाळाविषयी उलट प्रश्न केला, तो यांपैकी तिसऱ्या प्रकाराचा नमुना होय. बुद्धपौर्णिमेस सोपाऱ्याच्या स्तूपावर उपासक-उपासिका जमतात. तेथे आठवा व नववा हे दोन्ही लेख मराठीत वाचून दाखवावेत, वाचण्यास पाव तासही लागणार नाही. त्यानंतरचा अर्धा तास केवळ प्रश्नांसाठी ठेवावा, आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान मुलांस व उपासिकांस द्यावा, अशी आमची सूचना आहे. गिरीज, भुईगाव, निर्मळ येथील इतर धर्मीय शेजाऱ्यांनाही त्या दिवशी आवर्जून बोलवावे. ज्या गावात तो शिलाखंड मिळाला ते गाव त्यांचेही आहे.