वळिवड्याची छावणी आणि राष्ट्रांचे औदार्य

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहरापासून चार-पाच मैलांच्या अंतरावर, वळिवडे नावाचे जे खेडे लागते, त्याच्या शिवारात १९४३ साली पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसांची वस्ती उभी राहिली आणि पुढे १९४८ च्या आरंभापर्यंत, म्हणजे महायुद्ध संपून हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतरही काही महिने, ती तेथे नांदत होती. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय व नाट्यगृह होते, बालवीरांची पथके होती. नव्हते ते मात्र कर्ते पुरुष, कारण वस्तीतील बहुतेक माणसे स्त्रिया, मुले आणि वृद्ध अशी होती व त्यांचे पुरुष एक तर आघाडीवर लढत होते किंवा रशियाच्या बर्फात कायमचे राहिले होते. कोल्हापूरकरांना या वस्तीचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु कोणत्या राष्ट्राने निर्वासितांना किती मोठ्या मनाने जवळ केले याचा विचार करावयाचा, तर अभिमान किंचित बाजूस ठेवून या वस्तीचे दप्तर उलगडावे लागते. अशा तुलनेत सामान्यतः डोकी मोजली जातात. मला त्याहून बोलक्या वाटतात त्या शर्ती: आलेल्या माणसास किती मुदतीसाठी ठेवून घेतले, आणि त्याच्या पोटाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला.

या लोकांची हकीकत पोलंडच्या पूर्व भागात सुरू होते. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून व १७ तारखेस सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून चाल करून तो देश वाटून घेतल्यावर, १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत रशियन सत्तेने शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, निवृत्त सैनिक अशा लाखो लोकांना बायकामुलांसह मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील अरण्यप्रदेश येथे हद्दपार केले. पुढे हिटलरने रशियावरच आक्रमण केले, तेव्हा ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये तेथील परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत वकील माइस्की यांच्यात तहनामा झाला आणि या कैद्यांना ‘माफी’ मिळाली. कोणत्या अपराधाची, हे मात्र शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. पोलिश जनरल आंदेर्स यांच्या नव्या सैन्याच्या आधाराने १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये सुमारे १,१५,००० माणसे रशियाबाहेर पडली. त्यांतील बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली, आणि एकूण संख्येचा तिसरा हिस्सा तरी मुलकी लोकांचा होता. किनाऱ्यावर आलेल्या मुलांपैकी पुष्कळांना विषमज्वराने व अतिसाराने ग्रासले होते.

इराणची तेव्हाची अवस्था अशी होती की देशाच्या उत्तर भागात रशियन फौजा, दक्षिणेत इंग्रजी फौजा, आणि राजधानीत धान्याची इतकी टंचाई की १९४२ च्या डिसेंबरात तेहरानमध्ये भाकरीसाठी दंगल उसळली. या देशाला कोणी विचारून पाहुणे पाठविले नव्हते आणि नाही म्हणण्याची सत्ताही त्याच्या हाती उरली नव्हती. तरीही इस्फहान शहरात हजारो पोलिश अनाथ मुलांची अशी व्यवस्था झाली की पोलिश लोक आजही त्या शहरास पोलिश मुलांचे नगर म्हणून ओळखतात. सरकारचे औदार्य आणि रस्त्यावरच्या माणसाचे औदार्य या दोन वस्तू भिन्न आहेत, हे इराणात जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र क्वचित दिसते.

मुलकी लोकांना इराणात ठेवणे इंग्रजांना सोयीचे नव्हते. इंग्लंडमध्ये न्यावे, तर जहाजांची व अन्नाची अडचण पुढे करण्यात आली, आणि ती अडचण खोटी नव्हती. परिणामी हा भार साम्राज्याच्या अंगावर वाटून देण्यात आला. टांगानिका, युगांडा, ऱ्होडेशिया इत्यादी आफ्रिकी वसाहतींत सतरा-अठरा हजार माणसे गेली, किलिमांजारोच्या परिसरातील टेंगेरू येथे एकट्या छावणीत सुमारे पाच हजार राहिली, आणि हिंदुस्थानच्या वाट्यास कराचीची संक्रमण-छावणी, बालाचडी व वळिवडे ही ठिकाणे आली. आफ्रिकेतील किंवा हिंदुस्थानातील रयतेचा अभिप्राय या वाटणीच्या वेळी कोणी मागितला नाही.

या सर्वांत स्वेच्छेने पुढे झालेला माणूस म्हणजे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. क्रिकेटपटू रणजितसिंहजींचे हे पुतणे व वारस त्या काळी नरेंद्रमंडळाचे चॅन्सलर होते, लंडनच्या साम्राज्य-युद्धमंत्रिमंडळात बसत होते, आणि पोलिश मुलांचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी आपल्या संस्थानातील समुद्रकाठचे बालाचडी हे स्थान देऊ केले. मुलांची पहिली तुकडी मशहद, झाहेदान व क्वेट्टा या खुष्कीच्या मार्गाने १९४२ च्या एप्रिलात मुंबईस आली, काही महिने वांद्र्यास राहिली आणि जुलैत बालाचडीस गेली. खर्चासाठी उभारलेल्या निधीत संस्थानिकांनी व उद्योगपतींनी भर घातली. वॉर्सा शहरातील एका चौकास आज ‘भल्या महाराजा’चे नाव आहे ते याच जामसाहेबांमुळे. अनाथ मुलांना आपण त्यांचे बापू आहोत असे सांगणारा हा राजा आपल्या रयतेच्या राजकीय आकांक्षांविषयी तितकाच वत्सल होता असे काठियावाडातील प्रजापरिषदेचे कार्यकर्ते म्हणाले नसते. पण त्या मुलांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते, आणि आपणही येथे तो वाद उकरण्याचे कारण नाही.

वळिवड्याची गोष्ट निराळी होती. भूमी कोल्हापूर संस्थानची, जेथे छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर अल्पवयीन छत्रपतींच्या नावाने महाराणी ताराबाई रीजंट म्हणून कारभार पाहत होत्या; हवा समशीतोष्ण म्हणून जागा पसंत पडली; बांधकामाचा बंदोबस्त हिंदुस्थान सरकारचा; आणि दैनंदिन खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचा, जो त्या सरकारने इंग्रजांकडून मिळालेल्या कर्जातून भागवावयाचा होता. म्हणजे येथे आश्रय दिला एकाने, हुकूम सोडला दुसऱ्याने आणि ऋण झाले तिसऱ्याच्या, तेही ज्याच्या मुलुखातून ही माणसे हाकलली गेली होती त्याच्याच नावे. कौलारू छपरांच्या लांबच लांब बराकी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र बिऱ्हाड, दाराशी फुलझाडे, रविवारी चर्चची घंटा, आणि भाजी, अंडी, कापड विकावयास येणारे आसपासच्या गावांतील विक्रेते, असे हे गाव होते. क्षयरोग्यांसाठी पाचगणीस सोय करण्यात आली होती. मुंबईतील पोलिश वकील बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी या सर्व व्यवस्थेसाठी पुष्कळ खस्ता खाल्ल्या. पुढे वॉर्सात साम्यवादी सत्ता स्थिरावल्यावर किराबाई मायदेशी परतल्या नाहीत, आपले उरलेले आयुष्य त्यांनी हैदराबादेस समाजकार्यात घालविले.

याच काळाचे दुसरे एक पान येथे वाचणे आवश्यक आहे. १९४२ च्या पूर्वार्धात, जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरल्यावर, चार-पाच लाख हिंदी लोक, त्यांत बहुसंख्य मजूर, अराकानच्या व मणिपूरच्या डोंगरांतून पायी स्वदेशाकडे निघाले. हजारो वाटेत पटकीने व उपासमारीने मेले. आणि गोऱ्यांसाठी सोयीची वाट राखून काळ्यांना दुर्गम वाटेने लोटले गेले अशी तक्रार देशभर झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्या वेळी यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते, आणि ही तक्रार त्यांना स्वतः सरहद्दीकडे जाऊन हाताळावी लागली. पुढच्याच वर्षी, वळिवड्यास बराकी भरत होत्या तेव्हा, बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. पोलिश मुलांना मिळालेला घास कोणी बंगालच्या तोंडचा काढून दिला असे म्हणणे अन्यायाचे व अज्ञानाचे होईल. तथापि एकाच राजवटीने एकाच वर्षी कोणाच्या भुकेसाठी यंत्रणा उभारली व कोणाच्या भुकेकडे पाठ केली, ही नोंद औदार्याच्या इतिहासात लपवूनही चालणार नाही.

आता श्रीमंत राष्ट्रांकडे वळू. १९३८ च्या जुलैत फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी जर्मनीतील ज्यू निर्वासितांचा विचार करण्यास जमले होते. सर्वांनी सहानुभूती दर्शविली आणि जवळजवळ सर्वांनी अडचणी सांगितल्या. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने तर आपल्या देशात वंशाचा प्रश्नच नाही, तो बाहेरून आणण्याची इच्छाही नाही, असा आशय मांडला, आणि ज्या भूमीचे मूळ रहिवासी तेव्हा नागरिक म्हणूनही गणले जात नव्हते त्या भूमीच्या वतीने हे उद्गार निघाले. एक लाखापर्यंत माणसे घेऊ असे मोठे आश्वासन दिले ते डोमिनिकन प्रजासत्ताकाने, ज्याचा हुकूमशहा त्रुहियो याने आदल्याच वर्षी आपल्या सरहद्दीवर हैतीच्या हजारो मजुरांची कत्तल करविली होती आणि ज्याला जगापुढे प्रतिष्ठा सावरावयाची होती. प्रत्यक्षात सोसुआ येथील वसाहतीत काहीशेच ज्यू वसले. त्यांचा जीव वाचला, हे खरे. परोपकाराला शुद्ध हेतूच लागतो असे नाही, याचे हे जरा अस्वस्थ करणारे उदाहरण आहे.

पोलिश लोकांच्या बाबतीत अमेरिकेने जे केले ते तर विलक्षणच. १९४२ च्या अखेरीस सिकोर्स्की यांनी मेक्सिकोशी बोलणी करून तेथे हजारो लोकांची सोय ठरविली, खर्चाचा मोठा वाटा अमेरिकेने उचलला, आणि १९४३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजाने मुंबईहून हे लोक निघून लॉस एंजेलिसच्या बंदरात उतरले. तेथे मात्र त्यांना लष्करी पहाऱ्यात ठेवून, पहाऱ्याच्याच आगगाडीने मेक्सिकोच्या सरहद्दीपलीकडे लिओन शहराजवळच्या सांता रोसा या जुन्या जमीनदारी वाड्यात पोहोचविण्यात आले. पैसा देऊ, जहाज देऊ, पण उंबरठा ओलांडू देणार नाही, असा तो व्यवहार होता. मेक्सिकोस तरी गेले किती? दोन खेपा मिळून साधारण चौदाशे.

न्यूझीलंडची कथा आकड्याने लहान आणि शर्तींनी मोठी आहे. १ नोव्हेंबर १९४४ रोजी ७३३ मुले आणि शंभराहून थोडी अधिक वडील माणसे वेलिंग्टनच्या धक्क्यावर उतरली; तीही मुंबईमार्गेच आली होती. त्यांना पाहियातुआ या लहान गावाजवळच्या छावणीत ठेवण्यात आले. बोलावणे युद्धसमाप्तीपर्यंतचे होते, आणि म्हणून मुलांना शिक्षणही पोलिश भाषेत देण्याची तजवीज होती. परंतु युद्धानंतर पोलंड रशियाच्या पंखाखाली गेलेला पाहून पंतप्रधान पीटर फ्रेझर यांनी ज्याला राहावयाचे त्याने राहावे असे सांगून टाकले. मूळ करारात नसलेली ही गोष्ट एका लहान देशाने आपण होऊन केली, म्हणून मी पाच हजारांच्या वळिवड्याशेजारी या आठशेंचे नाव घेतो.

कारण वळिवड्याला असे कोणी म्हणाले नाही. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील सरकारास ती दिली. एका रात्रीत छावणीचा धनी नाहीसा झाला, खर्चाची जबाबदारी प्रथम इंग्रजांच्या एका तात्पुरत्या समितीकडे, मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत-संघटनेकडे आणि शेवटी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे फिरत राहिली. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद होऊन तेथील मुले वळिवड्यास आली. मायदेशी परतावयास थोडेच राजी झाले, कारण ज्या गावांतून ते उचलले गेले होते ती गावेच आता सोव्हिएत हद्दीत होती. इंग्लंडने १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्यान्वये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना वसविले. ते ऋण होते, कारण हे सैनिक इटलीत माँटे कासिनोच्या डोंगरावर इंग्लंडच्या बाजूने लढले होते. ज्यांचा मुलगा किंवा नवरा आंदेर्सच्या सैन्यात होता त्या बायकांना ही वाट मोकळी झाली. इतरांच्या वाट्यास ऑस्ट्रेलिया, कॅनडा, पुढे अमेरिका. एव्हियाँत हात झटकणाऱ्या ऑस्ट्रेलियाने आता युरोपातील निर्वासित दीड लाखाहून अधिक घेतले, परंतु धडधाकट पाहून आणि सरकार सांगेल तेथे दोन वर्षे काम करण्याच्या करारावर. कामगार हवे होते, हे त्या सरकारने लपविलेही नाही. म्हातारे, क्षयरोगी आणि पुष्कळ मुलांच्या विधवा कोणत्याच यादीत सहजी बसत नसत.

१९४८ मध्ये बराकी रिकाम्या झाल्या त्या सिंधी निर्वासितांसाठी. वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले, जसे कल्याणच्या लष्करी छावणीचे पुढच्या वर्षी उल्हासनगर झाले. येथे मुदतीचा प्रश्नच नव्हता, कारण आलेली माणसे पाहुणी नसून नागरिक होती. सिंधमध्ये सोडलेल्या मालमत्तेचे दावे, त्यांचे कागद, १९५४ चा नुकसानभरपाईचा कायदा, आणि लहान दाव्यास प्रमाणाने अधिक व मोठ्यास कमी असा भरपाईचा चढउतार, हा त्यांच्यापुढचा निराळा डोंगर होता. त्या लोकांनी दुकाने थाटली, आणि आता गांधीनगरच्या घाऊक कापडबाजारात आसपासच्या जिल्ह्यांतील व्यापारी खरेदीस येतात.

जिनिव्हात १९५१ साली झालेला निर्वासितांचा करार हा १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता, आणि इच्छा असल्यास केवळ युरोपातील घटनांपुरता, मर्यादित होता. फाळणीने हलविलेल्या कोट्यवधी माणसांना त्याचा उपयोग नव्हता, आणि भारताने त्यावर सही केली नाही; आजतागायत केलेली नाही. म्हणून येथे प्रत्येक समूहासाठी शर्ती वेगळ्या ठरत गेल्या. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी लोकांना म्हैसूर राज्याने बैलकुप्प्यास शेतजमीन दिली, शाळा दिल्या, त्यांच्या लामांना मठ बांधू दिले, आणि जगात कोणत्याही देशाने त्यांच्यासाठी इतके केले नसेल. पण ती जमीन भाडेपट्ट्याची आहे, आणि तिच्यावर दोन पिढ्या कसणाऱ्यांपैकी पुष्कळांजवळ आजही नागरिकत्वाऐवजी ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावयाचा नोंदणीचा दाखला आहे.