धक्का कोणी खायचा? फुल सस्पेन्शन सायकलीचा इतिहास

१/
सायकलीला स्प्रिंग बसवण्याची कल्पना मोटारगाड्यांकडून आली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती मोटारगाडीच्या जन्माइतकीच जुनी आहे. डोंगरवाटांवर धावणारी, पुढचे आणि मागचे चाक स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी आजची 'फुल सस्पेन्शन' माउंटन बाइक पाहिली की तिचे मूळ कॅलिफोर्नियात शोधण्याचा मोह होतो. ते मूळ व्हिक्टोरियन लंडनमध्ये सापडते. पुढील शंभर वर्षांचा या यंत्राचा इतिहास मात्र बहुतांशी फसलेल्या प्रयत्नांचा आहे, आणि ते प्रयत्न का फसले हीच त्यातील खरी गोष्ट.

२/
साल १८८५. लंडनच्या लिन्ली अँड बिग्स या कारखान्याने 'व्हिपेट' नावाची सायकल बाजारात आणली. त्या काळी चाकांवर भरीव रबर असे आणि रस्ते दगडी फरशीचे. सायकलीच्या एका जुन्या प्रकाराला तर इंग्रजांनी 'बोनशेकर', म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, असेच नाव दिले होते. व्हिपेटमध्ये सीट, हँडल आणि पॅडल हे तीन बिंदू एका ताठ चौकटीवर होते, आणि ही चौकट मुख्य सांगाड्यापासून एका दणकट स्प्रिंगने अलग केलेली होती. चाके हादरली तरी स्वाराच्या वाट्याला येणारे ते तीन बिंदू परस्परांपासून हलत नसत.

हा तपशील किरकोळ वाटेल, पण त्यात मोठी समज आहे. सायकलीचे इंजिन म्हणजे माणसाचे पाय. सीट आणि पॅडल यांमधले अंतर सतत बदलू लागले, तर ते इंजिन नीट चालत नाही. पुढे शंभर वर्षांनी अभियंते ज्या प्रश्नाशी झगडले, त्याच्या उंबरठ्यावर व्हिपेटचे कर्ते १८८५ मध्येच उभे होते.

३/
अवघ्या तीन वर्षांत त्यांचा खेळ संपला. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हवेला वजन जवळजवळ नाही, आणि ती धक्का नेमका जमिनीला टेकते त्या जागीच शोषून घेते. जड, करकरणाऱ्या स्प्रिंगांच्या चौकटी काही वर्षांत बाजारातून दिसेनाशा झाल्या.

त्यांचा एक अवशेष मात्र आपल्याकडे घरोघर पोहोचला. आजोबांच्या काळ्या सायकलीच्या रुंद चामडी सीटखाली असलेल्या त्या दोन जाड स्प्रिंगा आठवाव्यात. सस्पेन्शनचा संसार आवरता आवरता तेवढाच मागे राहिला.

४/
मधल्या काळात अपवाद झाले. पहिल्या महायुद्धात इटलीच्या बेर्सालिएरी सैनिकांकरिता बियांकीने घडीची, स्प्रिंगयुक्त सायकल बनवली. १९६२ मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांची, सस्पेन्शन असलेली सायकल आणली. मिनी मोटारीचे रबरी सस्पेन्शन याच गृहस्थांचे. पण शहरातल्या डांबरी रस्त्यावर सस्पेन्शन ही चैन होती. ती गरज ठरण्यासाठी रस्ताच संपावा लागला.

५/
तो कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात संपला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली भंगारातून मिळवून माउंट टॅमल्पाइसच्या परिसरातील उतारांवर दामटीत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी कोरलेल्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांची पहिली शर्यत झाली. तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटरांची उतरण. शर्यतीचे नाव 'रीपॅक'. पॅडल उलटे दाबल्यावर लागणारा मागच्या हबमधला ब्रेक उतरणीत इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. नाव पडले ते त्यावरून.

याच मंडळींतून जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी पहिली चौकट घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या चौकटी घेऊन व्यवसाय थाटला. १९८१ च्या स्टम्पजम्परने हा प्रकार मोठ्या बाजारात नेला.

६/
या साऱ्या सायकली ताठ होत्या. त्यांचे सस्पेन्शन म्हणजे स्वाराचे कोपर आणि गुडघे. उतरणीच्या अखेरीस बोटे ब्रेकवर वळत नसत, डोळ्यांपुढची वाट थरथरत असे.

त्रास केवळ शरीराचा नव्हता. ताठ सायकलीचे चाक मुठीएवढ्या दगडावर आदळते, तेव्हा चाकाबरोबर सायकल आणि बऱ्याच अंशी स्वार यांनाही तेवढे वर उचलावे लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगातून वजा होते. शिवाय दगडावरून उडालेले चाक क्षणभर हवेत असते, आणि हवेतल्या चाकाला ना पकड असते, ना ब्रेक. वळणावर असा एक क्षणही पुरतो. सस्पेन्शन असेल तर केवळ चाक वर जाते आणि लगेच खाली येऊन जमिनीला चिकटते. आराम हा त्याचा दुय्यम लाभ. मुख्य लाभ वेगाचा आणि ताब्याचा.

७/
हे ओळखले मोटोक्रॉसच्या माणसांनी. होंडाच्या शर्यतीच्या दुचाकींवर काम केलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये रॉकशॉक्स ही कंपनी स्थापन केली. त्यांच्या 'आरएस-१' या पुढच्या चिमट्यात हवा स्प्रिंगचे काम करी आणि तेल डॅम्पिंगचे. डॅम्पिंगशिवाय स्प्रिंग म्हणजे उसळता चेंडू. बारीक छिद्रांतून तेल ढकलताना धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते आणि उसळी मरते.

चाल जेमतेम पाच सेंटिमीटर. जुन्या मंडळींनी त्याची थट्टा केली, वजनावर बोट ठेवले. १९९० मध्ये कोलोराडोतील डुरँगो येथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे डाउनहिलचे पुरुषांचे विजेतेपद ग्रेग हर्बोल्ड यांनी याच चिमट्यावर जिंकले. थट्टा बरीचशी थांबली.

८/
पुढच्या चाकाचा प्रश्न असा लवकर सुटला. मागच्या चाकाने मात्र पुढची वीस वर्षे खाल्ली.

कारण साधे आहे. मागच्या चाकाला चेन जोडलेली असते. स्वार जोर लावतो तेव्हा त्याचा भार मागे सरकतो आणि मागचा शॉक दबतो. पाय सैल पडताच तो पुन्हा वर येतो. पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा असे डुलणे. मोटोक्रॉसच्या दुचाकीला याची फिकीर नसते, कारण तिचे इंजिन माणसाच्या शंभरपट शक्ती सहज देते. तंदुरुस्त माणूस तासभर दोनशे-अडीचशे वॅट देतो, तेही घाम गाळून. त्यातला थोडासाही वाटा शॉक दाबण्यात गेला, तर चढावर त्याचा हिशेब पायांना लगेच कळतो. 'फुल सस्पेन्शन म्हणजे चढावर फसवणूक' हा समज येथूनच रुजला.

९/
उपाय तार्किक वाटत होता. मागची चौकट ज्या बिजागरीवर हलते, ती बिजागरी वर नेली की चेनची ओढच शॉकला ताणून धरते आणि डुलणे कमी होते. पण मग दुसरे संकट उभे राहते. चाक वर जाताना मागचा आस आणि पुढचे दातेरी चक्र यांतले अंतर वाढते, चेन मागे खेचली जाते, आणि प्रत्येक दगड पायांना पॅडलमधून लाथ मारतो. बिजागरी खाली आणली तर लाथ थांबते, डुलणे परत येते.

त्यात ब्रेकची भर. ब्रेक थेट हलत्या दांड्यावर बसवला तर तो दाबताच सस्पेन्शनच्या हालचालीत ढवळाढवळ होते, तीही नेमक्या उतरणीवर, जेथे ते सर्वाधिक मोकळे हवे.

१०/
म्हणून १९९० चे दशक हा प्रयोगांचा बाजार होता. कोणी रबरी गोळे वापरले, जे थंडीत कडक होत. कोणी चौकटीला असे आकार दिले की आज ती छायाचित्रे पाहून हसू येते. डाउनहिलवाल्यांनी मात्र फारसा विचार केला नाही. त्यांना चढायचे नव्हतेच. दशकाच्या मध्यापर्यंत उतरणीच्या शर्यतीत ताठ मागची बाजू अपवाद ठरली. क्रॉस-कंट्रीचे स्वार, ज्यांना चढायचेही असते, ते 'हार्डटेल'लाच, म्हणजे केवळ पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीलाच चिकटून राहिले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. पुरुषांचे सुवर्ण नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेन्टयेन्स यांनी हार्डटेलवरच मिळवले.

११/
या गोंधळात एका माणसाची बिजागरी टिकली. हॉर्स्ट लाइटनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे मोटोक्रॉसपटू. कॅलिफोर्नियात त्यांनी एएमपी रिसर्च ही कंपनी काढली. त्यांनी मागच्या चाकाच्या आसाच्या किंचित पुढे आणि खाली एक जादा सांधा दिला. त्यामुळे चाक आणि ब्रेक मुख्य दांड्यावर न राहता चार सांध्यांच्या जोडणीतील एका स्वतंत्र तुकड्यावर आले. चाकाचा मार्ग, चेनची ओढ आणि ब्रेकचा परिणाम यांना बरेचसे वेगवेगळे जुळवणे त्यामुळे शक्य झाले. 'हॉर्स्ट लिंक' या नावाने तो सांधा प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये स्पेशलाइज्डने त्याचे पेटंट विकत घेतले. त्यानंतर अनेक वर्षे अमेरिकेत विकायची सायकल असेल तर इतरांना परवाना तरी घ्यावा लागे किंवा वेगळी वाट शोधावी लागे.

पेटंटने नव्या कल्पना अडवल्या असे म्हटले जाते. येथे उलटही घडले. अडलेली वाट टाळण्याच्या खटाटोपातूनच बऱ्याच नव्या रचना जन्मल्या.

१२/
त्यांतली सर्वांत अभ्यासू रचना डेव्ह वीगल यांची. दोन आखूड दुव्यांच्या त्यांच्या 'डीडब्ल्यू-लिंक'मध्ये डुलणे रोखण्याचे काम शॉककडे न देता भूमितीकडे दिले होते. जोर लावताना भार मागे सरकून शॉक जेवढा दबू पाहतो, जवळजवळ तेवढाच चेनची ओढ त्याला उलटा रेटते. शॉक जसजसा खोल दबतो तसतसा हा रेटा कमी होत जातो, म्हणजे मोठ्या दगडावर लाथ बसत नाही. २००६ आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल यांनी याच रचनेच्या आयर्न हॉर्स सायकलीवर डाउनहिलचे जागतिक विजेतेपद पटकावले.

स्पेशलाइज्डने 'एपिक'मध्ये आणखी वेगळा मार्ग धरला. तिच्या शॉकमधील झडप जड वजनाने बंद राहते. पायांचा जोर वरून येतो, तेव्हा ती मिटलेली. खालून दगडाचा ठोसा बसतो, तेव्हाच उघडते.

१३/
अशी सायकल वाटेवर चालते कशी? स्वार बसताच शॉक आपल्या चालीच्या पाव ते एक तृतीयांश दबतो. ही ढिलाई वाटते, पण ती मुद्दाम ठेवलेली असते. चाकाला वर जायला जागा हवी, तशी खड्ड्यात उतरायलाही हवी. मुळ्यांनी भरलेल्या चढावर हार्डटेलचे मागचे चाक उडते आणि जागीच फिरते. फुल सस्पेन्शनचे चाक मुळी चाटत वर जाते. उतरणीवर स्वार नेमकी रेषा शोधत बसत नाही, नजर दूर ठेवतो. याची किंमतही आहे. जादा बिजागऱ्या, त्यांतले बेअरिंग, चिखल, अधूनमधून शॉकमधले तेल बदलणे, आणि एक-दीड किलो जादा वजन.

१४/
त्या किलोभर वजनावरच क्रॉस-कंट्रीचा वाद अडला होता. त्याचा कस १२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये लागला. एसेक्समधील हॅडली फार्मवर शेवटच्या फेरीत दोघे सोबत होते. स्वित्झर्लंडचे निनो शुर्टर, हलक्या हार्डटेलवर. चेक प्रजासत्ताकाचे यारोस्लाव कुल्हावी, फुल सस्पेन्शन एपिकवर. कुल्हावी एका सेकंदाने जिंकले. फुल सस्पेन्शनवर मिळालेले हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण. त्याच शर्यतीत इटलीच्या मार्को फोन्ताना यांची सीटच अखेरच्या टप्प्यात गळून पडली. तरीही उभ्याने सायकल हाकत त्यांनी कांस्य राखले.

१५/
एका सेकंदावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. त्या दिवशी कुल्हावींचे पायच अधिक ताजे होते, असाही युक्तिवाद करता येतो. परंतु यानंतर शर्यतींचे मार्ग अधिकाधिक दगडांचे आणि उड्यांचे होत गेले. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी सुवर्ण शुर्टर यांचे, रौप्य कुल्हावींचे. शुर्टर यांच्याखालची सायकल या खेपेस हार्डटेल नव्हती.