लेखनरक्षणाची परंपरा : करवीरच्या मोडी दप्तरापासून संगणकातील फाइलपर्यंत

प्रस्तावना

लिहिलेला मजकूर टिकविणे हा प्रश्न लेखनकलेइतकाच प्राचीन आहे. कागदाला आग, पाणी व वाळवी यांचे भय असे. संगणकावरील मजकुराला खंडित वीजपुरवठ्याचे व न झालेल्या नोंदीचे भय असते. साधन बदलले तरी हानीचे स्वरूप फारसे बदललेले नाही. अनेक दिवसांचे श्रम क्षणार्धात नाहीसे होतात आणि ते पुन्हा जसेच्या तसे उभे करता येत नाहीत. प्रस्तुत निबंधात कोल्हापूर व महाराष्ट्रातील काही ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे लेखनरक्षणाच्या पद्धतींचा विचार केला आहे व त्यांतून आजच्या संशोधकाने काय घ्यावे हे पाहिले आहे.

दप्तराची शिस्त

१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा तेथील राजदप्तर नष्ट झाले, असे इतिहासकार मानतात. त्यामुळे शिवकालाच्या अभ्यासकांना वतनदार घराणी, मठ, देवस्थाने व गावोगावचे कुलकर्णी यांच्याकडे राहिलेल्या कागदांवर विसंबावे लागले. राजाने पाठविलेले पत्र राजाच्या संग्रही उरले नाही, ते ज्याला मिळाले त्याच्या घरी उरले. दुसऱ्या ठिकाणी असलेली प्रत हीच इतिहासाची खरी राखणदार ठरली.

मराठा राज्यकारभारात या गोष्टीची जाणीव होती. पत्राचा मसुदा एकाने करावा, तो दुसऱ्याने तपासावा, त्यावर मोर्तब व्हावे आणि त्याची दप्तरात नोंद व्हावी, असा क्रम असे. मोडी कागदांच्या शेवटी वा पाठीवर आढळणारे ‘सुरू सूद’, ‘बार’ यांसारखे शेरे पत्र रवाना झाल्याची व दप्तरात नोंदले गेल्याची साक्ष देतात. लिहिणाऱ्याच्या शब्दावर काम संपले असे मानले जात नसे. नोंद झाल्याचा पुरावा कागदावरच उमटत असे. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व करवीर या राज्यांची सीमा निश्चित झाली. पुढे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. या दीर्घ काळातील करवीर दरबाराचे विपुल मोडी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आज अभ्यासता येतात, याचे श्रेय या शिस्तीलाही द्यावे लागते.

एकच प्रत असण्याचा धोका

जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकर यांचा कोल्हापुरातील जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. ‘मीठभाकर’ या चित्रपटाचे चित्रण त्यात नष्ट झाले. भालजींनी तो चित्रपट पुन्हा उभा केला व तो १९४९ मध्ये पडद्यावर आला. हा पुनर्जन्म त्यांच्या जिद्दीचा द्योतक आहे. तथापि अशी जिद्द व साधने प्रत्येकाजवळ असतातच असे नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक खात्यांच्या नस्ती जळाल्या, तेव्हाही अन्यत्र प्रत असणे किती मोलाचे आहे हे दिसून आले. २००५, २०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांनी कोल्हापूरकरांना हाच धडा दिला. एका घरात, एका कपाटात किंवा एका संगणकात ठेवलेला संग्रह सुरक्षित मानता येत नाही.

टंकलेखनाच्या युगात कार्बन कागदाने ही अडचण सहज दूर केली होती. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर या भागात संशोधन वाढीस लागले. त्या काळात प्रबंध टंकलिखित होत असताना मूळ पानाबरोबरच त्याची दुसरी प्रतही तयार होई. प्रत करणे हे वेगळे काम नव्हते, ते लेखनातच सामावलेले होते.

संगणकावरील नोंद

संगणकाने ही सवय मोडली. टंकलेला मजकूर प्रथम तात्पुरत्या स्मृतीत राहतो. वीज गेली की ती स्मृती रिकामी होते. जतन करण्याची आज्ञा दिल्यावरच तो डिस्कवर उतरतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते. तेव्हा अखंड वीजपुरवठ्याचे उपकरण नसलेल्या संगणकावर लिहिणे जोखमीचे होते. वर्डसारख्या प्रणालीत ठरावीक मिनिटांनी, सामान्यतः दर दहा मिनिटांनी, पुनर्प्राप्तीची प्रत तयार होते. परंतु ती सोय संगणक अकस्मात बंद पडण्याच्या प्रसंगासाठी आहे. ती जतन करण्याची जागा घेऊ शकत नाही.

डिस्क भरलेली असणे, पेनड्राइव्ह मध्येच काढला जाणे, फाइलवर लिहिण्याची परवानगी नसणे अशा कारणांनी जतन करण्याची आज्ञा निष्फळ ठरते. अशा वेळी मजकूर पडद्यावर असतो, म्हणजे तो अद्याप गेलेला नसतो. म्हणून ती खिडकी बंद करू नये. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ठिकाणी जतन करून पाहावे. तेही न जमल्यास मजकूर नव्या फाइलीत उतरवावा किंवा पाने छापून घ्यावीत.

मराठी लेखनाच्या बाबतीत आणखी एक संकट आहे. अनेक वर्षे मराठी अक्षरमुद्रण खासगी फॉन्टवर चालले. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नाहीसा झाला की फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र संकेत दिले व विंडोज २००० पासून त्याचा वापर सुलभ होऊ लागला. पण त्यापूर्वीचे व नंतरचेही बरेच लेखन जुन्या पद्धतीतच राहिले. मोडी लिपी वाचणारे कमी झाल्यामुळे दप्तरे मुकी झाली, तशीच गत अलीकडच्या प्रबंधांची होण्याचा संभव आहे.

निष्कर्ष

१. लेखनाचे रक्षण साधनापेक्षा शिस्तीवर अधिक अवलंबून असते.

२. एकाच ठिकाणची प्रत ही प्रत नव्हे. किमान एक प्रत अन्य इमारतीत वा अन्य गावी असावी.

३. जतन झाले असे गृहीत न धरता फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहावी. ‘बार’ या शेऱ्याचे आधुनिक रूप हेच होय.

४. जुन्या फॉन्टमधील मराठी फाइली युनिकोडमध्ये आणून ठेवणे हे महाविद्यालयांनी व संशोधकांनी तातडीने हाती घ्यावयाचे कार्य आहे. त्या फाइली वाचू शकणारी यंत्रे व माणसे उपलब्ध आहेत, तोवरच ते शक्य आहे.